डॅमसेल सगळ्यात शेवटी: गोव्यातल्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीची चौकशी करायला दुकानात गेलात, की दुकानदाराचं बोट आधी डॅमसेलकडे जातं. निळाशार मासा, खिशाला परवडणारा, सहजासहजी न मरणारा. "हे दोन-चार सोडा, महिनाभर जगले की टाकी तयार झाली समजा. मग बाकीचे न्या." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. कच्च्या टाकीत साचणाऱ्या विषारी अमोनियात डॅमसेल तग धरतो हे खरं. पण त्या महिन्याभरात तो अख्खी टाकी आपल्या नावावर करून टाकतो. कदंबाच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखा तो हटत नाही, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाच्या मागे लागतो. मग महागातला मासा कोपऱ्यात फाटक्या परांनी उभा असतो आणि तीन इंचांचा डॅमसेल मधोमध मिरवत असतो.

म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. आधी यादी, मग पाणी, मग टाकी मुरवणं (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार होऊ देणं), इतर मासे, आणि डॅमसेल सगळ्यांच्या शेवटी.

१. आधी कागदावर यादी करा

टाकीत अखेरीस कोण कोण राहणार हे पैसे खर्च करण्याआधी लिहून काढा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही नवख्यासाठी चांगली टाकी. हिशेबाने ती १९० लिटरची होते, पण दगड-वाळू घातल्यावर खरं पाणी १६० लिटरच्या आसपास राहतं. भरल्यावर सगळं मिळून वजन अडीचशे किलोंच्या घरात जातं. फ्लॅटमध्ये असाल तर ती भिंतीलगत, शक्यतो तुळईवर येईल अशी ठेवा. हॉलच्या मधोमध नको.

एवढ्या टाकीत एक वॉचमन गोबी (तळाशी बिळात राहणारा छोटा मासा), ऑसेलॅरिस क्लाऊनफिशची जोडी आणि एक डॅमसेल एवढे मासे सुखाने राहतात. वर काही शंख आणि एखादी क्लीनर कोळंबी. कमी वाटेल, पण गोड्या पाण्याच्या टाकीचा हिशेब इथे चालत नाही. क्लाऊनफिश हाही डॅमसेलच्याच कुळातला, पोमासेंट्रिडी कुळातला. म्हणजे यादीत तिघे एकाच भाऊबंदकीतले आहेत, हे ध्यानात असू द्या.

फायरफिश किंवा छोटे कार्डिनल असे भित्रे मासे मनात असतील, तर डॅमसेलचा विचारच सोडा. दोघांपैकी एकालाच घरी आणा.

२. कोणता डॅमसेल

दुकानात सगळ्यांना "ब्लू डॅमसेल" किंवा नुसतं "डॅमसेल" म्हणतात, पण एकेकाचा स्वभाव जमीन-अस्मानाएवढा वेगळा. चेहरा ओळखता आला, तर निम्मी फसवणूक टळते.

यलोटेल, म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा. अंग गडद निळं, शेपूट आणि तिच्या बुंध्याजवळचा भाग तेवढा पिवळा. लांबी ७ सेंटीमीटरपर्यंत. डॅमसेलमध्ये तुलनेने समंजस म्हणावा असा हाच. पहिला आणि एकच डॅमसेल घ्यायचा असेल तर माझं मत डोळे झाकून यालाच.

अझ्युअर, म्हणजे क्रिसिप्टेरा हेमिसायानिया. दुकानात हा यलोटेलच्याच काचेच्या पेटीत, त्याच नावाने असतो. फरक पोटावर दिसतो: याचं पोट आणि अंगाची मागची खालची बाजूही पिवळी असते, निळा वरच्या अंगाला. आकार आणि स्वभाव यलोटेलच्या जवळचा. चुकून हा आला तरी बिघडत नाही.

ब्लू डेव्हिल, क्रिसिप्टेरा सायानिया. सगळं अंग निळं, डोळ्यातून जाणारी काळी रेघ ही खूण. सुमारे ८ सेंटीमीटर. काही भागांतल्या नरांची शेपूट नारिंगी असते. घाबरला की हा निळा मासा क्षणात काळपट होतो. नवखे लोक "मासा आजारी पडला" म्हणून औषध ओततात. ओतू नका, दिवे मंद करा आणि त्याला एकटं सोडा. पहिले काही दिवस दगडामागे लपून राहणारा हा गडी नंतर टाकीचा मुकादम होतो. मोठ्या, दगडांनी भरलेल्या टाकीत एकच ठेवला तर चालतो.

टॅलबॉट, डोकं पिवळं, अंग गुलाबीसर करडं, पाठीच्या परावर काळा ठिपका. जेमतेम ६ सेंटीमीटर आणि शांत. आपल्याकडे क्वचित येतो. दिसला आणि खात असेल तर सोडू नका.

निळा-पिवळा पोमासेंट्रस, पोमासेंट्रस सेरुलियस. हा हिंदी महासागरातलाच. यलोटेलपेक्षा मोठा होतो, १० सेंटीमीटरपर्यंत, आणि तिखटही. दुकानदार यलोटेल म्हणून देतात तेव्हा पोटाकडचे पर बघा, याचे पिवळे असतात.

ग्रीन क्रोमिस, क्रोमिस विरिडिस. फिकट हिरवा-निळा, मोकळ्या पाण्यात थव्याने पोहणारा. डॅमसेल असूनही दुसऱ्या जातीच्या माशांना फारसा त्रास देत नाही. सात-आठांचा थवा चकाकत फिरतो तेव्हा टाकीचं सोनं होतं. पण बरेचदा हा थवा एकेक करत आटत जातो. वरचा खालच्याला टोचत राहतो, सगळ्यात दुबळा मरतो, मग पुढचा. शिवाय युरोनिमा नावाचा परजीवी यांच्या फार आवडीचा: कुशीला लालसर चट्टा दिसला की तोच. ज्या काचेत असा एकही मासा दिसेल, तिथून काहीच उचलू नका. तीन फुटी टाकीत थव्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

आता ज्यांच्यापासून दूर राहायचं ते.

थ्री स्ट्राइप, डॅसिलस अरुआनस. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे. पिल्लू इतकं गोजिरवाणं की मुलं हट्ट धरतात. निसर्गात हे फांद्यांच्या प्रवाळात टोळीने राहतात, टोळीचा एक दादला नर असतो आणि तो गेला की मोठी मादी नर बनते. अशी जात काचेच्या पेटीत आली की प्रत्येकाला दादलाच व्हायचं असतं. याचाच भाऊ फोर स्ट्राइप, त्याच्या शेपटीच्या टोकालाही काळा पट्टा. स्वभाव तोच.

डॉमिनो, हाही डॅसिलसच. काळं अंग, तीन पांढरे ठिपके. दुकानात अंगठ्याच्या नखाएवढा असतो, पुढे १४ सेंटीमीटरपर्यंत जातो, ठिपके विरतात आणि आकाराने दुप्पट माशालाही तो जुमानत नाही. टाकीत हात घातलात तर बोटाला टोचतो. शांत खोलीत कान दिलात तर डॅसिलस मंडळींचा टकटक आवाजही ऐकू येतो. ऐकायला मजेशीर, पण तो बहुधा भांडणाचा किंवा जोडीदाराला बोलावण्याचा असतो.

रंग बदलणारे निओग्लायफिडोडॉन. पिल्लू पांढरट, पाठ पिवळी, परांना निळी किनार. किंवा मखमली काळं आणि त्यावर झगझगीत निळ्या रेघा. दोन्ही मोठे होतात तसे रंग जातो आणि हातात काळा किंवा तपकिरी रागीट मासा उरतो. रंगासाठी जादा पैसे मोजण्याआधी मोठेपणी हा कसा दिसतो, याचं चित्र बघा.

सार्जंट. हा आपला गोव्याचा. ग्रांद बेटाजवळ डुबकी मारणाऱ्यांना काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळसर झाक असलेले मासे भेटतात ते हेच. ओहोटीला अंजुणा-वागातोरच्या खडकांतल्या डबक्यांत यांची पिल्लं सापडतात आणि फुकटची म्हणून बादलीत भरून घरी नेली जातात. नेऊ नका. हे २० सेंटीमीटरपर्यंत वाढतात आणि सोबत कुठला परजीवी येईल याचा नेम नाही.

३. काय काय लागतं

- १० मिलिमीटर काचेची टाकी आणि तिच्या तळाएवढा सपाट स्टँड. लोखंडी असेल तर रंग नीट मारलेला. इथल्या दमट हवेत मिठाचा शिंतोडा लोखंड खातो.
- वरून जाळी. डॅमसेल घाबरला की उडी मारतो.
- वेव्हमेकर (पाणी फिरवत ठेवणारा पंप), आणि टाकीला साजेसा प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र).
- खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि अल्कलिनिटीचे टेस्ट किट. एक्स्पायरी बघून घ्या.
- टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर, थर्मामीटर, टाकीवर लावायचा पंखा.
- थर्मोस्टॅटचा हीटर. गोव्यात हसू येईल, पण जानेवारीच्या पहाटे आणि एसीच्या खोलीत तो लागतो.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप. हा ऐच्छिक नाही.
- मीठ कालवायला झाकणाचा फूड-ग्रेड ड्रम आणि फक्त याच कामाच्या बादल्या. साबण लागलेली बादली कधीच नाही.
- क्वारंटाइनसाठी ४०-५० लिटरचा प्लॅस्टिक क्रेट, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे.
- अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू आणि कोरडा किंवा सिरॅमिक दगड.

दगडाबाबत थांबून वाचा. प्रवाळ, सी-फॅन आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा "मेलेलाच आहे" म्हणून टाकीत ठेवणंही महागात पडू शकतं. कुणी "लाइव्ह रॉक" म्हणून समुद्रातून काढलेला दगड देऊ केला तर हात जोडा. माणसाने बनवलेला सिरॅमिक दगड काही महिन्यांत जिवाणूंनी भरतो आणि तेच काम करतो. मिरामार-कळंगुटची वाळूही नको. ती बहुतांशी सिलिकाची, अरागोनाइटसारखा पीएचला आधार देत नाही.

कागदपत्रांत एकच गोष्ट: पक्कं बिल, त्यावर माशाचं नाव आणि तारीख. "मरिन फिश २ नग" एवढं लिहिलेलं बिल घेऊ नका. पार्सलने मागवत असाल तर पिशवी उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा. मासा मेलेला निघाला तर बहुतेक विक्रेते त्याशिवाय ऐकत नाहीत.

४. पाणी आणि मीठ

गोव्यात जिकडे तिकडे पाणी आहे, त्यामुळे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

*समुद्राचं पाणी.* पणजीच्या आसपास तुम्ही जे भरून आणाल ते मांडवी किंवा जुवारीच्या मुखाचं असतं. पावसाळ्यात त्याचा खारटपणा कोसळतो, गाळ असतो, बोटींचं तेल असतं. नवख्याने या वाटेला जाऊच नये.

*मिठागराचं मीठ.* आगरवाडा, रायबंदरचं मीठ माशाच्या कालवणात घाला. त्यात प्रामुख्याने सोडियम क्लोराइड असतं. टाकीला कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात लागतात, म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठीच बनवलेलं सी-सॉल्ट घ्यायचं. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी दगड होते. हवाबंद डब्यात ठेवा.

*नळाचं पाणी.* ओपाचं असो, साळावलीचं असो की अस्नोड्याचं, त्यात क्लोरीन असतं, पावसात गढूळपणाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा आम्लधर्मी आणि लोहयुक्त. दोन्ही आरओ-डीआयमधून (आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन) काढूनच वापरा, टीडीएस शून्य यायला हवा.

*घरचा आरओ.* इथे फार लोक फसतात. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस थोडा वाढवून देतात आणि हल्ली अनेक मॉडेलांत तांब्याचं कार्ट्रिज असतं. तांबं तुम्हाला आरोग्यदायी वाटत असेल, टाकीतल्या शंखांना आणि कोळंबीला ते विष आहे. घरच्याच आरओचं पाणी घ्यायचं असेल तर मेकॅनिककडून मेम्ब्रेननंतरच, मिनरल-कॉपरच्या आधी नळी काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिन लावा.

१६० लिटरला साधारण सहा किलो मीठ लागतं. मीठ ड्रममधल्या पाण्यात घाला, पाणी मिठात नाही. पंप चालू ठेवून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, म्हणजे ३३ ते ३५ पीपीटी हवं.

रोज पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात तर दोन-तीन आठवड्यांत खारटपणा चढतो आणि "मासा कोपऱ्यात का बसलाय" हा प्रश्न पडतो. काचेवर पातळीची रेघ मारून ठेवा, तिथपर्यंतच भरा.

५. टाकी मुरवणं

टाकीत मासा नसताना अमोनिया घाला. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. याच कामासाठी लोक डॅमसेलला अमोनियाने मारतात किंवा भाजून काढतात, आणि त्याची काहीच गरज नाही.

प्रयोगशाळा दर्जाचा अमोनियम क्लोराइड घ्या. १६० लिटरला साधारण १ ग्रॅम घातला की सुमारे २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया होतो. बाजारातला नवसागर रसायनाने तोच असला तरी शुद्धतेची खात्री नसते. अमोनियम क्लोराइड मिळत नसेल तर सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत टांगा. घरात वास येईल, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

बाटलीतले जिवाणू घातले तर वेळ वाचतो, पण बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर आत काही जिवंत असण्याची आशा धरू नका.

अमोनिया चढेल, उतरेल. मग नायट्राइट चढेल आणि जास्त दिवस रेंगाळेल. २ पीपीएम अमोनिया घालून चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी मुरली. मग मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा. मधे काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा. घाबरण्यासारखं काही नाही, पुसा आणि पुढे चला.

६. मासा निवडताना

गोव्यात खाऱ्या पाण्याचे मासे ठेवणारी दुकानं मोजकी. माल बहुधा मुंबई, बंगळूर, चेन्नईहून येतो. माशाने आधीच बराच प्रवास केलेला असतो, म्हणून आल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात राहू दे, मग जा.

दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो मासा खात नाही तो घरी येऊन खाईल, या आशेवर पैसे घालवू नका. पोट आत गेलेलं, परांच्या कडा फाटलेल्या, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, कल्ले धापा टाकल्यासारखे हलणारे: यांतलं काहीही दिसलं तर नाही म्हणा. त्याच काचेत मेलेला मासा असेल तर शेजारची काचही सोडा, बरेचदा पाणी एकच फिरत असतं.

बरोबर रिफ्रॅक्टोमीटर न्या. मीठ वाचवायला आणि परजीवींना आवर घालायला अनेक दुकानं खारटपणा कमी ठेवतात. तुमच्या क्वारंटाइन क्रेटमधलं पाणी आदल्या दिवशी त्याच पातळीवर आणून ठेवायचं असतं.

मासा हॅचरीत पैदास केलेला आहे की समुद्रातला, हेही विचारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशबरोबर डॅमसेलच्या काही जातींची पैदासही यशस्वी केली आहे, पण दुकानातला डॅमसेल बहुतेक वेळा समुद्रातून पकडलेलाच असतो. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून मासे पकडतात. असा मासा वरून ठणठणीत दिसतो, खातोही, आणि काही आठवड्यांत कारण न सांगता जातो. म्हणून फार स्वस्त मिळतोय यात आनंद मानू नका.

७. क्वारंटाइन: चार आठवडे

"एकच मासा आहे, काय होणार?" म्हणून सगळे हीच पायरी गाळतात. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी रिकामी ठेवावी लागते. छंदातली मंडळी त्यासाठी ७६ दिवस धरतात. त्यापेक्षा क्रेटमधले चार आठवडे परवडले.

लांबून पार्सलने आलेल्या माशाला तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पीएच कमी असल्यामुळे तो तेवढा घातक नसतो. पिशवी उघडली की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं क्रेटमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडा, मासा जाळीने उचला, जुळवलेल्या खारटपणाच्या पाण्यात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. पुढच्या काही दिवसांत खारटपणा हळूहळू मुख्य टाकीएवढा करा.

तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर फक्त क्रेटमध्ये, लेबलवरच्या मात्रेने आणि तांब्याचा टेस्ट किट हाताशी ठेवून. क्रेटमध्ये वाळू-दगड घालू नका, ते तांबं शोषतात. पीव्हीसीचे तुकडे लपायला पुरेसे.

८. टाकीत सोडण्याचा क्रम

आधी गोबी. त्याला बीळ सापडलं, खाऊ लागला, की क्लाऊनफिशची जोडी. तीही स्थिरावली, की मग डॅमसेल. प्रत्येकाच्या मधे क्वारंटाइनचा काळ आपोआप येतोच, घाई करायला वावही राहत नाही.

डॅमसेल सोडायच्या दिवशी दोन-तीन दगड हलवा. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या गेल्या की नव्याला कुणी घेरत नाही आणि तोही कुठली जागा एकट्याने बळकावत नाही. दिवे बंद करून, संध्याकाळी सोडा. दगडांची रचना एकच ढीग अशी नको. दोन वेगळे ढीग, मधे मोकळी वाट, आणि एका ढिगावरून दुसऱ्यावरचं बिऱ्हाड दिसू नये अशी आडोशाची रचना. निम्मं भांडण नजरेला पडल्यामुळे होतं.

९. खाणं

थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. भुकेला डॅमसेल जास्त भांडतो. स्पिरुलिना असलेला फ्लेक किंवा बारीक पेलेट, आणि मधे मधे फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). घरची ताजी कोळंबी किंवा तिसऱ्या, मीठ-हळद न लावता, अगदी बारीक चिरून, गोड्या पाण्यात धुऊन देता येतात. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हासाठी छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटं (कोळंबी) मात्र देऊ नका.

दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर पिपेटने काढा.

१०. मे, पाऊस आणि चवथ

पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतली टाकी ३१-३२ पर्यंत सहज जाते. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात, पण आपल्या दमट हवेत त्याहून फार अपेक्षा धरू नका, आणि गोड्या पाण्याची भर वाढते ती वेगळी. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, दिव्यांचे तास कमी करा. दरवर्षी त्रास होत असेल तर चिलरला पर्याय नाही. पाण्यात बर्फ टाकू नका.

पहिल्या पावसाच्या गडगडाटात वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. पाणी फिरणं थांबलं की गरम खाऱ्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो. बॅटरीचा एअर पंप लगेच लावा, खायला घालू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर जोडा. टाकीच्या सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबकळून मग वर जाव्यात, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल. त्या बोर्डाला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. खाऱ्या पाण्यात ओला हात घालणाऱ्याने यात कंजुषी करू नये.

चवथीला चार-पाच दिवस गावच्या घरी जाणार असाल, तर जाण्याआधी आठवडाभर ऑटो फीडर लावून बघा. शेजाऱ्याला चावी देणार असाल तर खाणं दिवसाच्या हिशेबाने गोळ्यांच्या डबीत भरून ठेवा आणि मोठा डबा कपाटात कुलुपात. प्रेमाने दिलेलं जास्तीचं खाणंच टाकी बिघडवतं. पाण्याची भर घालायची रेघ मात्र त्याला नीट दाखवा.

११. तरीही दादागिरी सुरू झालीच तर

यलोटेलही काही वेळा बिघडतो. एखादा मासा सतत एका कोपऱ्यात, पर फाटलेले, खायला पुढे येत नाही, असं दोन दिवस दिसलं तर वाट बघू नका. आधी दगड हलवा. फरक पडला नाही तर डॅमसेलला छिद्रांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच आठवडाभर कोंडा. तो सगळ्यांना दिसतो, पण पोचत नाही, आणि तेवढ्यात इतर मासे आपापल्या जागा धरतात.

तरी जमलं नाही तर काढावाच लागतो, आणि दगडांतून डॅमसेल जाळीने पकडणं म्हणजे अख्खी टाकी उपसणं. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत मायसिस ठेवा आणि सकाळी, उपाशीपोटी असताना, त्याच्या आवडत्या जागेजवळ ठेवा. डॅमसेल हावरा आणि धीट असतो, बहुधा तोच पहिला शिरतो.

पकडलेला मासा दुकानाला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला. बहुतेक दुकानं पैसे देत नाहीत, फार तर मिठाच्या पिशवीत सूट देतात. दोनापावलाच्या धक्क्यावरून समुद्रात मात्र सोडू नका. यलोटेल, ब्लू डेव्हिल हे पश्चिम पॅसिफिकचे मासे, इथले नव्हेत, आणि टाकीतला परजीवी त्यांच्याबरोबर बाहेर जातो. नेताना पिशवीत एक तृतीयांश पाणी त्याच टाकीचं आणि बाकी हवा ठेवा, काळ्या कापडात गुंडाळा आणि उन्हाच्या आधी पोचवा.